ब्रेकलाइनवरचा प्रेशर सेन्सर: उन्हाळा, पावसाळा आणि घोडबंदर रोड

ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळ लावून गाडी चालवायची स्पर्धा) सरावात ब्रेक कोण किती आणि किती लवकर दाबतं, यावर आम्हा दोघा भावांत कायमचा वाद. म्हणून मार्चमध्ये जुन्या, एबीएस नसलेल्या हॅचबॅकला मास्टर सिलिंडरजवळच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) एका ब्रेकलाइनवर दाब मोजणारा सेन्सर बसवला. दिवाळी झाली, अजून चालू आहे.

जाहिरातीत अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ब्रेकसाठी मी तो शेवटी बघेन. आधी विचारा, आतलं सील कशाचं? ग्लायकोलवाल्या डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये नायट्राइल आणि व्हायटॉन ही रबरं फुगतात, ईपीडीएम रबर टिकतं. इंजिन ऑइलसाठी बनवलेले बरेच सेन्सर इथेच बाद. विक्रेत्याला उत्तर येईना, म्हणून मी सील नसलेला, पूर्ण वेल्ड केलेला स्टेनलेस स्टीलचा घेतला. महाग पडला, पण पैसे इथेच घालावेत.

मग आटे. एक अष्टमांश एनपीटी (इंची, निमुळता पाइपचा आटा) आणि एम१० बाय १ (मेट्रिक, सरळ आटा) हे हातात घेतले तर जुळे भाऊच. दोन-तीन फेरे बसतातही, मग अडकतात. जोर लावलात तर टी (लाइनला सेन्सर जोडायचं तीन तोंडांचं फिटिंग) गेली. माझ्या लाइनला एम१० होता, सेन्सर तसाच मागवला. टेफ्लॉन टेप अजिबात नको. टी मात्र ब्रेकसाठीचीच घ्या, पाण्याच्या फिटिंगची नको. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याने ब्रॅकेट करून दिला. सेन्सर टीखाली लटकता ठेवला, म्हणजे पोकळीतली हवा वर निघते. तरी एअर काढायला वेळ लागलाच.

रेंज २०० बार (बार हे दाबाचं एकक). सिग्नलला थांबताना १५ ते २५ बार दिसतात, जीव खाऊन दाबलं की शंभरीपार. त्यामुळे १०० बारचा नको. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा मारलं, की पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि त्याच पायाला आकडा निम्म्याहून कमी येतो. हे बघायला भाऊ तासभर गाडीत बसून होता.

आउटपुट ०.५ ते ४.५ व्होल्ट, म्हणजे बारमागे २० मिलिव्होल्ट. शून्य दाबालाही ०.५ व्होल्ट असतात, त्यामुळे पुरवठ्याची वायर तुटून शून्य व्होल्ट आला की लगेच कळतं. हा सेन्सर पुरवठ्याच्या प्रमाणात व्होल्टेज देतो, म्हणून आकडे वाचणाऱ्या बोर्डाचं संदर्भ व्होल्टेजही त्याच ५ व्होल्टवरून घ्या. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेट तापलं की शून्य एखाद्या बारने सरकतं, चालतं. पावसात कनेक्टरला पाणी लागलं नाही.

नुसता ब्रेकलाइट पेटवायचा असेल, तर एवढा खटाटोप नको. प्रेशर स्विच पुरे.