खारपाणपट्ट्यात समुद्र: 30 लिटरच्या टाकीचे दहा महिने

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. मागच्या नोव्हेंबरात घरी काचेच्या टाकीत समुद्री मासा पाळायचा म्हणून मी समुद्री मिठाची बादली आणली, तेव्हा आजीनं पहिलं हेच विचारलं, "काहून रे बाबू, मीठ इकत आनलं तुनं? आपल्या इहिरीचं पानी काय गोड हाय?"

नंतर गावात बऱ्याच जणांनी हेच विचारलं, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात साधं मीठ जास्त असलं तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट हे सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. आमच्या बोअरचा खार त्या मानानं खूप कमी, आणि त्याची जातही वेगळी. त्यावर समुद्री मासा जगत नाही. म्हणून पाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं आधी काढायचं आणि मग हे मीठ घालायचं. मी गावच्या आरओ प्लँटवरून 20 लिटरची कॅन आणतो. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते पाणी 80 च्या आसपास दाखवतं. मग ते उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून शून्यावर आणतो. पहिल्या महिन्यात मी ही नळी घेतली नव्हती, तर दगडांवर तपकिरी शेवाळ माजलं होतं.

टाकी एक फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच आहे. मागे लटकवायचा फिल्टर, 50 वॅटचा हीटर, लहान पंखा, कोरडे सच्छिद्र दगड आणि पाण्याचा खार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढंच सामान लागलं. पैसे वाचवायचे असतील तर लाइटवर वाचवा, रिफ्रॅक्टोमीटरवर वाचवू नका. तो समुद्राइतक्याच, म्हणजे 35 च्या खाराच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. प्रवाळ मी ठेवलेलं नाही. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कोणी समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड', म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव बसलेला दगड, विकायला आणला तरी घेऊ नका. घाण कुजून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू कोरड्या दगडावरही बसतात, फक्त वेळ लागतो. त्यांच्यासाठी चिमूटभर खाद्य कुजू दिलं. आधी अमोनिया चढला, मग त्यापासून होणारा आणि तोही विषारी नायट्राइट, आणि दोन्ही शून्यावर यायला सहा आठवडे गेले. रिकाम्या पाण्याकडे बघत सहा आठवडे काढणं जड जातं, पण इथं घाई केली की मासा मरतो.

जानेवारीत एकच क्लाउनफिश आणला, तोही हॅचरीत वाढवलेला, आणि सोबत दोन गोगलगायी. क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्यानं राहतो ते समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) त्याला टाकीत लागतंच असं नाही. माझा मासा हीटरशेजारच्या कोपऱ्यात रात्री तिरपा होऊन झोपतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेला असं वाटून मी दिवा लावला होता.

चूक माझ्याकडून फेब्रुवारीत झाली. पातळी उतरली की मी मिठाचंच पाणी ओतत होतो. पाण्याची घनता (गोडं पाणी 1 धरून) 1.025 हवी, ती 1.030 वर गेली आणि एक गोगलगाय दगावली. आजीनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती उठली आणि माठाच्या बाहेरचा पांढरा थर नखानं खरवडून मला दाखवला. "पानी उडते बाबू, खार राह्यते. त्यात अजून खार कायले टाकतं?" बस, एवढंच आहे ते. उडालेलं पाणी गोड्या पाण्यानंच भरायचं. त्या दिवशी बायकोच्या नेलपॉलिशनं काचेवर बाहेरून लाल रेघ ओढली. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी आजी तांब्यानं रेघेपर्यंत पाणी भरते, सावकाश, फिल्टरच्या धारेत. जिनं अर्धं आयुष्य दोन कोसांवरून गोडं पाणी डोक्यावर आणलं, ती माशासाठी ते मोजून ओतते. मला ते बघताना दरवेळी भरून येतं.

मे महिना सगळ्यात कठीण. बाहेर 45 अंश, टाकीत मात्र 25-26 च लागतात. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण दिवसाला लिटर-सव्वा लिटर उडतं. टाकी कूलरच्या खोलीत हलवली. एका दुपारी चार तास लाइट गेली, पाणी 31 वर पोचलं आणि मासा वर येऊन धापा टाकायला लागला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बर्फ गोठवलेल्या बंद बाटल्या एकेक करून सोडल्या, बर्फ थेट टाकला नाही. आणि बॅटरीवरचा एअरपंप लावला. तो पंप आजही टाकीशेजारीच असतो. दिवाळीच्या थंडीत हीटर लागतो आणि उन्हाळ्यात पंखा, दोन्ही हवेतच.

दर रविवारी तीन लिटर पाणी बदलतो, आदल्या रात्री मीठ घालून ढवळून ठेवलेलं. काच पुसायला पाच मिनिटं. झाकणावर मिठाची पापडी धरते, ती ओल्या फडक्यानं काढायची, टाकीत पडू द्यायची नाही.

पुन्हा घ्यायची झाली तर 60 लिटरची घेईन. लहान टाकी सोपी असते असं दुकानात सांगतात, पण पाणी जितकं कमी तितकी ऊन आणि खार यांची चढउतार जलद. आणि घरात रोज पाणी भरणारं माणूस नसेल तर घेऊ नका. पोळ्याला आम्ही दोन दिवस सासरी गेलो होतो, आजी घरी होती, म्हणून पाणी रेघेवर होतं.