लो-बो हॉकी स्टिक: स्टिकला साडेतीन तारे, टीमचं विचारू नका

आधीच सांगून टाकतो, ही लो-बो, म्हणजे खाली डोक्याजवळ बाक असलेली स्टिक घेऊन मी स्वतः खेळलेलो नाही. माझे गुडघे आता फक्त नाशिकरोडच्या बाजारातून पिशवी आणण्यापुरते उरलेत. पण पैसे माझे गेलेत, आणि गेले आठ महिने मैदानाच्या कडेला बसून ती पोरांच्या हातात बघतोय. एवढ्यावर बोलायचा हक्क मिळत असेल तर वाचा.

कॉलेजचं नाव घेत नाही. १९८४ ते ८७ मी तिथे राइट हाफ खेळलो. तेव्हाही आम्ही काही तोफा नव्हतो, पण आमच्याविरुद्ध गोल करायला समोरच्याला घाम फुटायचा. मागच्या मोसमात आमची टीम पाच मॅच खेळली. चार हरली, एक बरोबरीत सुटली. मी डायरीत पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल त्यांच्या गोलजवळ मिळणाऱ्या संधी, मोजत असतो, जुनी खोड आहे. मिळाले चौदा. गोल झाला एक, तोही त्यांच्याच फुलबॅकच्या पायाला लागून. त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "पोरं हरतात, ती वडापाव खाऊन घरी जातात. तुम्ही कसला उपास धरलाय?"

मोसम संपल्यावर मी कॅप्टनला विचारलं, बाबा रे, कॉर्नरला होतं तरी काय? तो म्हणाला, "काका, स्टिकच नाहीयेत. लो-बो पाहिजे, फ्लिक उठत नाही." फ्लिक म्हणजे बॉल स्टिकने उचलून फेकणं. आता पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये स्पेनविरुद्ध ब्राँझच्या मॅचमध्ये भारताच्या हरमनप्रीतने दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर मारले, ते मीही टीव्हीसमोर उभं राहून बघितलेत. पोरांच्या मोबाइलमध्ये तेच व्हिडिओ. मलाही पटलं. आमच्या बॅचच्या चौघांनी वर्गणी काढली, त्यात मोठा वाटा माझा, आणि जालंधरच्या एका कंपनीच्या दोन कंपोझिट, म्हणजे लाकडाऐवजी कृत्रिम धाग्यांच्या, स्टिक मागवल्या. एक ४,८०० ला पडली. साडेसदतीस इंची, निळ्या-काळ्या रंगाची, दिसायला झकास.

आता स्टिकबद्दल. हातात घेतली की हलकी लागते, तोल बरोबर आहे. ग्रिप चांगली, घामाने सरकत नाही. आमच्या वेळी तुतीच्या लाकडाचं डोकं असायचं, महिन्यातून एकदा जवसाचं तेल पाजायचं, आणि थंडीच्या सकाळी बॉल जरा जोरात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. यात तसं काही नाही. आठ महिन्यांत दोन्हींपैकी एकही तुटली नाही. फटक्यात दम आहे. इथवर तक्रार नाही.

तक्रार बाकाची आहे. स्टिक थोडी वाकलेली असते, तिला बो म्हणतात. नियमाने हा बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. लो-बोमध्ये तो खाली, डोक्याच्या जवळ असतो. त्याने बॉल स्टिकवर बसवून ओढत फेकता येतो, म्हणजे ड्रॅग फ्लिक. पण त्याच बाकामुळे साधा हिट मारायला गेलं की बॉल उठतो. आमचा सेंटर हाफ सोळा यार्डवरून पास देतो, तो थेट समोरच्याच्या गुडघ्यावर जातो आणि अंपायर शिट्टी मारतो. एका मॅचमध्ये तीनदा झालं. शिवाय आडवी स्टिक टाकून बॉल थांबवायचा तर सपाट जागा कमी मिळते. ज्याचा ट्रॅप पक्का, त्याला काही वाटत नाही. ज्याचा कच्चा, त्याचा बॉल दांड्यावरून उडतो.

आमच्या सगळ्यांचाच कच्चा आहे. घोडं इथेच पेंड खातं.

पेनल्टी कॉर्नरला फ्लिक हे तिसरं काम. पहिलं, मैदानाच्या मागच्या रेषेवरून पुश जोरात आणि सरळ आला पाहिजे. दुसरं, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर स्टॉपरने तो जागच्या जागी थांबवला पाहिजे. तोवर समोरचे गोलकीपर धरून पाच जण धावत अंगावर येतात. आमचा पुश डुगडुगत येतो, स्टॉपरच्या स्टिकला लागून फूटभर सरकतो, आणि आमचा हरमनप्रीत ४,८०० ची स्टिक उगारून हवेत बघत उभा. चौदापैकी नऊ वेळा बॉल नीट थांबलाच नव्हता. माझ्याच डायरीत लिहिलेलं होतं, आणि तरी मी स्टिक घेतली. चीड आली की माणूस खरेदी करतो.

दुसरी गोष्ट, मैदान. आमचा सराव मुरमावर. बॉल टप्पे खात येतो, म्हणून पोरांना स्टिक जरा वर धरायची सवय लागलीय. आणि मॅच पडते पिंपरीला, नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. तिथे बॉल चटईवरून सुरी फिरावी तसा येतो आणि यांच्या स्टिकखालून निघून जातो. नाशिकहून पहाटे निघून, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत, चाकणला पाऊण तास अडकून आम्ही तिथे पोचलो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत ०-३. शेवटी ०-७. १९७५ ला विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी मॉन्ट्रिअल ऑलिंपिकला कृत्रिम मैदानावर सातवा आला होता, हे मी परतीच्या गाडीत सांगायला गेलो. मागून एक पोरगा म्हणाला, "काका, मग आपला नंबर बरा म्हणायचा का?" मी चाकणपर्यंत बोललो नाही. चाकणला पुन्हा अडकलो, तेव्हा बोललो.

मुरमाचा परिणाम स्टिकवरही झालाय, घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. कंपोझिटच्या डोक्याची खालची कड दोन महिन्यांत सोलायला लागली. आतले धागे दिसतात, बोटाला टोचतात. मी आता नवी स्टिक आली की पहिल्या दिवशीच डोक्याला टेप गुंडाळायला लावतो. टेप फाटली की बदलायची. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. मी त्याला मैदान कसलं ते सांगितलं होतं, तर तो म्हणाला, "घ्या बिनधास्त, सगळीकडे चालते." अर्धा तारा त्याचा कापला.

मग कुणी घ्यावी? टर्फ रोज मिळतं, ट्रॅप पक्का आहे आणि कॉर्नर घेणारा एकच ठरलेला पोरगा आहे, अशा टीमने त्याच्यापुरती एक घ्यावी. किंमत वसूल होईल. बाकीच्यांनी मिड-बो, म्हणजे मधे बाक असलेली, घ्यावी, किंवा नवशिक्या असाल तर सरळ लाकडी. शिन गार्ड आणि माउथगार्डचे पैसे आधी बाजूला काढा. आमच्या अर्ध्या पोरांकडे माउथगार्ड नाही आणि स्टिक मात्र लो-बो.

दोनपैकी एक स्टिक मी कॅप्टनकडे ठेवलीय. दुसरी परत मागून घेतली, ती आमच्या दाराआड उभी आहे. त्याबदल्यात जिमखान्याला सहा बॉल दिले आणि स्टॉपरला सांगितलंय, सरावानंतर रोज पन्नास बॉल थांबवायचे, मी मोजणार. पहिल्या दिवशी पन्नासपैकी एकोणीस थांबले. काल एकतीस. पुश मारणारा मात्र काल आलाच नाही, त्याच्या मावसभावाचं लग्न होतं म्हणे, ओझरला. त्याच्या जागी पुश मारायला मी उभा राहिलो. आज गुडघ्याला शेक देत हे लिहितोय.