आठ महिने अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसोबत: मेशचा क्रॅश शेवटी सापडला

मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंड या टूलचा मी जुना गिऱ्हाईक, त्यामुळे अ‍ॅड्रेस सॅनिटायझरकडे (तेच काम, पण कंपाइल करतानाच कोडमध्ये तपासण्या घालून करणारं टूल) वळायला वेळच लागला. काम टेट्राहेड्रल मेशचं (आकार छोट्या चौफलकांत तोडून केलेली जाळी), सी प्लस प्लसमधली आमची घरचीच लायब्ररी, वरून पायथनने चालवतो, आणि दुखणं असं की छोट्या मेशवर सगळं सुरळीत पण नोड (जाळीचे बिंदू) लाखाच्या वर गेले की धाडकन आपटायचं, कधी सेगफॉल्ट (भलत्याच मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद), कधी 'डबल फ्री ऑर करप्शन' (मेमरी दोनदा सोडली किंवा बिघडली), तेही दरवेळी वेगळ्या ओळीवर. जीडीबी या डीबगरमध्ये बघावं तर बॅकट्रेस (क्रॅशपर्यंतच्या फंक्शन कॉलची यादी) कुठल्यातरी निरपराध डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट आवरणाऱ्या फंक्शनमध्ये). चोर सोडून संन्याशाला फाशी!

व्हॅलग्राइंडला परत कंपाइल करावं लागत नाही हे सुख, पण रन २०-३० पट हळू होतो, म्हणजे ४ मिनिटांचं काम दीड-दोन तास. म्हणून मी त्याच्यावर कायम छोटीच मेश चालवली आणि तिथे अर्थातच सगळं साफ.

सॅनिटायझरने साधारण दुपटीच्या वेळात मोठी मेश चालली आणि पहिल्याच रनला 'हीप यूज आफ्टर फ्री', म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरली. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक (फंक्शन कॉलच्या याद्या) येतात: मेमरी आत्ता कुठे वापरली, आधी कुठे सोडली, मुळात कुठे घेतली. मधल्या स्टॅकमध्ये व्हेक्टरचं (लागेल तसा वाढणाऱ्या अ‍ॅरेचं) पुश बॅक, म्हणजे शेवटी नवा घटक टाकणं, दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. एज (दोन नोडमधली कड) तोडताना नोडचा रेफरन्स धरून ठेवलेला, मग मधला नवा नोड त्याच व्हेक्टरमध्ये टाकला, रिझर्व्ह केलेली १,००,००० ची जागा संपली की व्हेक्टर उठून दुसरीकडे जातो आणि आपण जुन्याच पत्त्यावर लिहीत बसतो. रेफरन्सऐवजी इंडेक्स ठेवला, दोन ओळींचा बदल. (ती ओळ माझीच होती, दोन वर्षांपूर्वीची. असो.)

आता कटकटी. पायथनमधून चालवायचं तर सॅनिटायझरची लायब्ररी एलडी प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने आधी लोड करावी लागते, नाहीतर तो सुरूच होत नाही, आणि पायथनच्या स्वतःच्या लीकचा (घेऊन न सोडलेल्या मेमरीचा) एवढा पाऊस पडतो की लीक तपासणी मी बंदच ठेवतो. रॅम भरपूर खातो. डीबग सिम्बॉल विसरलात तर ओळ नंबर मिळत नाहीत, नुसते पत्ते वाचत बसा.

आणि व्हॅल्यू न भरताच वाचलेला व्हेरिएबल हा पकडत नाही. आमच्या एलिमेंट क्वालिटीचा (प्रत्येक चौफलकाचा आकार किती चांगला याचा) आकडा दर रनला बदलायचा, ते शेवटी व्हॅलग्राइंडनेच दाखवलं. त्यासाठी क्लँग कंपायलरचा मेमरी सॅनिटायझर आहे, पण त्याला स्टँडर्ड लायब्ररीसकट सगळंच परत बिल्ड करून हवं, त्या वाटेला मी गेलो नाही. दर शुक्रवारी रात्री छोट्या मेशवर व्हॅलग्राइंड लावून घरी जातो.