सोळा महाकाय आणि एक ओसाड मुलूख : ‘शॅडो ऑफ द कोलोसस’

नकाशा अफाट असावा, मिशन संपता संपू नयेत आणि अधूनमधून आभाळातून एखादा ड्रॅगन कोसळावा, म्हणजे गेम भव्य झाला, असा बऱ्याच कंपन्यांचा समज दिसतो. प्लेस्टेशन ४ या सोनीच्या कन्सोलवरचा, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रावरचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा समज पार मोडून काढतो. यात गावे नाहीत, दुकाने नाहीत, वाटेत अडवणारे किरकोळ शत्रूही नाहीत. एक तरुण, त्याचा घोडा, ओसाड पडलेला एक विस्तीर्ण मुलूख आणि त्यात विखुरलेले सोळा महाकाय, एवढाच सगळा पसारा. तरीही छाती दडपून टाकणारा अनुभव इतक्या सातत्याने देणारा दुसरा गेम माझ्या खेळण्यात आलेला नाही.

मूळ गेम २००५ साली प्लेस्टेशन २ साठी आला. ‘इको’ हा गेम करणारे फुमितो उएदा यांचे दिग्दर्शन आणि को ओतानी यांचे संगीत ही त्याची पुण्याई. त्या काळच्या यंत्राला हा भार झेपत नसे आणि ऐन लढाईत चित्र अडखळत असे. २०१८ साली ब्लूपॉइंट गेम्स या स्टुडिओने प्लेस्टेशन ४ साठी दगड, गवत, केस, पाणी, प्रकाश असे सगळे दृश्यरूप नव्याने उभे केले. मात्र खेळाची मूळ घडण तशीच ठेवली. हे परीक्षण त्या रिमेकचे आहे.

कथा चार वाक्यांत संपते. वाँडर नावाचा तरुण एका मृत मुलीला घोड्यावर घालून निषिद्ध भूमीतल्या मंदिरात आणतो. तिथे डॉर्मिन नावाचा अशरीरी आवाज त्याला सांगतो की, सोळा महाकाय मारलेस तर ती परत येऊ शकेल, पण त्याची किंमत मोठी असेल. तरुण किंमत विचारत नाही. पुढे काय करायचे हे सांगायला बाण नाहीत की ठिपके नाहीत. उन्हात तलवार उंच धरली की तिच्यावरचा प्रकाश एकवटून पुढच्या महाकायाची दिशा दाखवतो, आणि सावलीत किंवा दरीत शिरलात की तोही मिळत नाही. मग घोडा दौडवत, मधेच थांबून पुन्हा ऊन शोधत जायचे. या दौडीत पार्श्वसंगीत जवळजवळ नसते. टापांचा आणि वाऱ्याचा आवाज तेवढा सोबतीला राहतो, आणि त्या लांबलचक शांततेमुळेच पुढे जे दिसते त्याचा धक्का बसतो.

तिसऱ्या महाकायाचे उदाहरण घेतो, कारण गेमची सगळी करामत त्या एका लढाईत पाहायला मिळते. तळ्याच्या मधोमध एक उंच गोल चौथरा आहे. पोहत जाऊन, वळणाची चढण चढून आणि एक अवघड उडी साधून वर पोहोचलो की आडवा पडलेला एक डोंगर उठून उभा राहतो, आणि त्याच्या हातात दगडी खांबासारखी तलवार असते. त्याच्या मनगटावर चिलखती कडे आहे आणि ते असेपर्यंत वर चढता येत नाही. मग चौथऱ्याच्या मध्यावरच्या कठीण चकतीवर उभे राहून त्याला वार करू द्यायचा. तलवार चकतीवर आदळते, हादऱ्याने कडे फुटते, आणि पुढच्या वाराला जमिनीत रुतलेल्या पात्यावरून धावत थेट त्याच्या हातावर जायचे. इथून पुढे महाकाय दिसेनासा होतो. पडद्यावर उरतात ते मुठीत धरलेले तपकिरी केस, शेवाळलेला दगड आणि फार खाली चमकणारे पाणी. पकडीचे बटण दाबून धरावे लागते. कोपऱ्यातले ताकद दाखवणारे वर्तुळ आकसत जाते. तो अंग झाडतो तेव्हा वाँडर एका हातावर चिंधीसारखा लोंबकळतो आणि आपले बोट नकळत बटणावर आणखी जोर देते. त्या जोराचा खेळात काडीचाही उपयोग नसतो, पण तो दिल्यावाचून राहवत नाही.

अचंबा इथेच तयार होतो असे माझे मत आहे. दुरून दिसणाऱ्या राक्षसाला नुसता आकार असतो. त्याच्या अंगावर चढल्यावर तो एका नजरेत मावत नाही, तेव्हा त्याचे खरे मोठेपण अंगावर येते. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या किंवा उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या हत्तीजवळ उभे राहिलेल्या कोणालाही हे निराळे सांगावे लागणार नाही. पायाशी दिसते ती केवळ खोदलेली एक रेघ, आणि ती कुठल्या अवयवाची हे कळायला चार पावले मागे जाऊन मान फिरवावी लागते. गेमच्या दिग्दर्शकाला हे नेमके उमगले आहे, म्हणून त्याने कॅमेरा सतत मागे नेऊन आपल्याला देखावा दाखवण्याचा मोह टाळला आहे.

संगीताचा वापरही असाच हात राखून केलेला. लढाई सुरू होते तेव्हा सूर भीतीचा असतो. अंगावर चढाई साधली की तोच वीररसात चढतो. आणि मर्मावर शेवटचा घाव बसून महाकाय कोसळू लागला की अचानक शोकगीतासारखे काहीतरी वाजू लागते. विजयाची तुतारी कधीच वाजत नाही. प्रेतातून काळे धागे निघून वाँडरच्या शरीरात शिरतात, आणि तो शुद्धीवर येतो तो पुन्हा मंदिरात, दर खेपेला जरा अधिक कळकट दिसू लागलेला. वाळवंटातला तेरावा महाकाय तर आपल्यावर एकदाही हल्ला करत नाही. तो आभाळातून संथ तरंगत असतो, आणि आपणच बाण मारून त्याच्या पोटाच्या पिशव्या फोडतो, पंख खाली टेकले की घोडा भरधाव नेऊन त्यावर उडी घेतो. दृश्य म्हणून हा गेमचा कळस आहे, आणि मारून झाल्यावर सर्वांत ओशाळे वाटते तेही इथेच.

दोष आहेत आणि ते रिमेकमध्येही पुरते गेलेले नाहीत. कॅमेरा मनाप्रमाणे फिरत नाही आणि अरुंद जागेत भिंतीत तोंड खुपसून बसतो. घोडा हाकेसरशी वळत नाही. तो जिवंत प्राणी वाटावा म्हणून हे केले असेल, पण कड्याच्या टोकावर ते कौतुक टिकत नाही. शिवाय लढाई अर्ध्यात सुटली तर ती पहिल्यापासून करावी लागते. आमच्या रत्नागिरीकडे आषाढात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने कन्सोल इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतल्याशिवाय चढाईला हात घालू नये, हा सल्ला अनुभवाचा समजावा.

गणपतीला मुंबईहून येणारी भाचेमंडळी भव्यतेचा विषय निघाला की ‘एल्डन रिंग’चे नाव घेतात, आणि त्यात तथ्य आहे. २०२२ च्या त्या गेममध्ये सिओफ्रा नदीकडे उतरणारी लिफ्ट संपता संपत नाही आणि शेवटी जमिनीखाली चांदण्यांचे आभाळ उघडते, तो क्षण थोरच. पण पुढच्या वळणावर पुन्हा हत्यारे, आकडे आणि सामानाची यादी हजर असते. समुद्रकाठच्या माणसाला त्याहून जवळचा वाटेल तो २०१८ चा ‘सबनॉटिका’. परग्रहावरच्या महासागरात खोल उतरताना रीपर लेव्हायथन हा राक्षसी जलचर दिसण्याआधी त्याची डरकाळी ऐकू येते, आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर लहानपणापासून पोहणाऱ्यालाही पाय वर ओढून घ्यावेसे वाटतात. भीतीत तो वरचढ आहे. भव्यतेत मात्र मी ‘कोलोसस’लाच वरचे पान देईन.

घ्यायचा असेल तर डिस्क घ्यावी, कारण वाडीवस्तीतल्या नेटवर एवढा गेम उतरवत बसणे म्हणजे रात्र घालवणे. शिवाय खेळून झाल्यावर ती दुसऱ्याला देता येते. प्लेस्टेशन ५ वरही हीच डिस्क चालते, फक्त कन्सोल डिस्क ड्राइव्ह असलेला हवा. प्लेस्टेशन ४ प्रो असल्यास सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० चित्रांचा पर्याय निवडावा, कारण लोंबकळताना चित्राची सफाई बारीक तपशिलापेक्षा अधिक कामाला येते. पहिल्या खेपेस सहा ते आठ तासांत गेम संपतो. एवढ्यासाठी पूर्ण किंमत मोजावी का, असे विचारणाऱ्यांनी जुनी डिस्क शोधावी. सतत काही मिळवत राहण्याची, लेव्हल वाढवण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांना मात्र पहिल्या दोन महाकायांमधली रपेट कंटाळवाणी वाटेल, आणि त्यांनी याच्या वाटेला न गेलेले बरे.