हायब्रिड दीड वर्ष वापरली, आता खरा हिशोब सांगते

बरेच दिवस लिहायचं होतं पण म्हटलं आधी आकडे नीट जमू देत. गाडी घेताना जे लोक विचारत होते की "परवडते का गं?" त्यांना मी तेव्हा छातीठोकपणे हो म्हणून मोकळी झाले होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, शोरूममधल्या मुलाने कागदावर काढून दाखवलेला हिशोब तेवढा डोक्यात होता. त्या हिशोबात मी महिन्याला 2,500 किमी चालवणार होते. मी चालवते 1,150. इथूनच सगळी गंमत सुरू होते.

माझी स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला असलेली विजेची मोटर एकटीनेही गाडी ओढू शकते आणि चार्जिंगला कुठे लावायची नसते. हे आधीच सांगते कारण मीही घेताना गोंधळले होते. माइल्ड हायब्रिड म्हणून जे विकतात त्यात छोटी मोटर बेल्टवरून इंजिनाला जरा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, बास, त्यातून वाचणारं पेट्रोल फार थोडं असतं. मागे हायब्रिड लिहिलेला बिल्ला दोन्हीकडे असू शकतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते माइल्डला लागू नाही.

आता हिशोब. मी पैशात करायचं सोडून दिलं, कारण पेट्रोलचा भाव सारखा हलतो आणि एक्सेल दर दोन महिन्यांनी खोटं पडतं. सरळ लिटरमधे केला. म्हणजे त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांच्या किमतीत जो फरक होता त्यात त्या दिवशी किती लिटर पेट्रोल आलं असतं? माझ्या बाबतीत 2,600 लिटर. त्यात जास्तीच्या कर्जाचं व्याज आणि गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्सही जास्त, असं धरून अजून 300. एकूण 2,900 लिटर मी पहिल्याच दिवशी आगाऊ भरून टाकलं असं समजायचं, आणि आता ते थेंबाथेंबाने परत मिळवायचं. पुढे पेट्रोल महागलं तर हा आकडा आपोआप कमी होतो आणि स्वस्त झालं तर वाढतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि एक चूक सगळे करतात, मीही केली. जुन्या गाडीशी तुलना. "जुनी बारा द्यायची, ही वीस देते" वगैरे. अहो, जुनी तर जाणारच होती! तुलना करायची ती हिच्याऐवजी जी नवी घेतली असती तिच्याशी.

माझं नशीब असं की नणंदेकडे नेमकी तीच गाडी पेट्रोल ऑटोमॅटिकमधे आहे. मग आम्ही दोन महिने गाड्याच बदलल्या. घरात सगळे हसले, पण ताईंना आवडलं. मी त्यांची गाडी माझ्या रोजच्या रस्त्यांवर चालवली, त्यांनी माझी त्यांच्या. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलं, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, कारण माझी स्क्रीन 22.3 दाखवते तेव्हा प्रत्यक्षात 20.8 पडतं. माझ्या रस्त्यांवर हायब्रिड 20.8 आणि पेट्रोल 13.6. ऐकायला भारी वाटतं ना? पण अॅव्हरेजचा आकडा फसवतो. 10 वरून 12 ला गेलात तर 100 किमीला जेवढं पेट्रोल वाचतं, बरोब्बर तेवढंच 20 वरून 30 ला गेल्यावर वाचतं, करून बघा. म्हणून 100 किमीला किती लिटर लागतं हेच काढायचं. हायब्रिडला 4.81, पेट्रोलला 7.35, फरक 2.54 लिटर.

2,900 भागिले 2.54, गुणिले 100, म्हणजे साधारण 1,14,000 किमी. माझ्या चालवण्याने सव्वाआठ वर्षं. आणि मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी किती? 8 वर्षं. म्हणजे ज्या दिवशी गाडीने आपले जास्तीचे पैसे फेडले त्याच्या आधीच बॅटरीची जबाबदारी माझ्यावर आलेली असणार. हे समजल्यावर मी दोन दिवस जरा गप्पच होते, नवऱ्याला आठवड्याने सांगितलं.

आता खरी गोष्ट शहर आणि हायवेची, यावरच सगळं ठरतं. ताई पूर्ण शहरात चालवतात, सकाळी-संध्याकाळी गच्च ट्रॅफिक. त्यांच्या स्वतःच्या पेट्रोल गाडीला 11.5 पडायचं, माझ्या गाडीने त्याच रस्त्यांवर 22.5 दिलं. 100 किमीला सव्वाचार लिटरचा फरक! आणि मी हायवेला लांबच्या ट्रिपमधे दोन्ही चालवल्या तेव्हा 19.2 आणि 16.5, म्हणजे फरक 0.85 लिटर. याच हिशोबाने फक्त शहरात चालवणाऱ्याचे पैसे 68,000 किमीला वसूल, आणि फक्त हायवेवाल्याचे 3,41,000 किमीला. इतकी गाडी कोण ठेवतं?

असं का होतं ते आधी कळत नव्हतं, मग कागदावर काढलं. दीड टनाची गाडी 60 च्या स्पीडवरून ब्रेक दाबून थांबवली की जी ऊर्जा ब्रेकमधे तापून वाया जाते ती परत तयार करायला साध्या गाडीला साधारण 20 मिली पेट्रोल लागतं, म्हणजे छोटे चार चमचे. प्रत्येक सिग्नलला चार चमचे रस्त्यावर ओतायचे. हायब्रिडची मोटर ब्रेकच्या वेळी उलटी जनरेटरसारखी फिरून त्यातलं बरंचसं बॅटरीत भरते, सगळं नाही. हायवेला तुम्ही ब्रेकच दाबत नाही तर ती भरणार काय? आणि बॅटरी म्हणाल तर ती 1 ते 2 युनिटची असते, पेट्रोलच्या एका लिटरमधेच साधारण 9 युनिट ऊर्जा असते, तेव्हा विजेवर लांब जाईल हा विचारच सोडा. हायवेला जे थोडं वाचतं ते इंजिनामुळे, ते अॅटकिन्सन सायकल नावाच्या पद्धतीने चालतं, कमी पेट्रोलमधे जास्त काम करतं पण इंजिन हळू फिरत असताना दम कमी, तो दम मोटर भरून काढते. कल्पना काही नवी नाही, टोयोटाची पहिली प्रियस 1997 ला आली, म्हणजे हे तंत्र आता चांगलं मुरलेलं आहे, यात प्रयोग वगैरे काही उरला नाही.

अजून एक, अगदी जवळजवळच्या फेऱ्या. दोन किमी जाऊन आलात तर हायब्रिडही रडते. थंड इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायला इंजिन चालू राहतंच, आणि थंडीत हीटर लावला तर आणखी, कारण हीटरला इंजिनाचीच उष्णता लागते. थंडीच्या एका आठवड्यात माझं अॅव्हरेज 15 वर आलं होतं, मला वाटलं गाडी बिघडली.

मेंटेनन्समधे वाचतं का? थोडं. माझ्या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत, सर्व्हिसवाला स्वतःहून म्हणाला. पण सर्व्हिसचं बिल ताईंच्या बिलाएवढंच येतं, ऑइल-फिल्टर तर सारखंच लागतं. आणि मागच्या सीटखाली बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते ती दोन-तीन महिन्यांनी साफ करा. आमच्याकडे कुत्रा आहे, पहिल्यांदा उघडली तेव्हा आतून अख्खी उशी भरेल एवढे केस निघाले. ती तुंबली तर बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं, आणि हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

मनस्ताप झाला तो मात्र छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीने. एकोणीस दिवस गाडी उभी होती, परत आलो तर दारच उघडेना. रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली असते हे शोधण्यात अर्धा तास गेला. मोठी बॅटरी व्यवस्थित भरलेली, पण तिला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आणि कॉम्प्युटर चालतात या छोटीवर, ती मेली की गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. शेवटी शेजारच्या काकांच्या गाडीवरून वायर लावून दोन मिनिटांत चालू झाली, इंजिन फिरवायचं काम छोटीला नसल्याने फार करंटही लागत नाही. आता लांब जाणार असलो की कोणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास रेडी मोडमधे, म्हणजे निघायला तयार अशी, चालू ठेवायला सांगते.

पैशाच्या बाजूने एकच गोष्ट माझं चित्र बदलू शकते, रिसेल. विकताना जास्तीच्या 2,600 मधले निम्मे जरी परत आले तर वसूल करायचे उरतात 1,600 लिटर, म्हणजे 63,000 किमी, साडेचार वर्षं. ते आपल्या हातात नाही, सेकंडहँड घेणारा बॅटरीला घाबरला तर संपलं. म्हणून मी वॉरंटी शिल्लक असताना, सहाव्या वर्षी विकायचं ठरवलंय.

मग घेतल्याचा पश्चात्ताप होतो का? नाही होत, पण त्याचं कारण पैसा नाही. ट्रॅफिकमधे ती जी शांतता असते, सरकत-सरकत जाताना इंजिनाचा आवाजच नाही, गिअरचे झटके नाहीत, घरी आल्यावर डोकं दुखत नाही, त्याला मी किती लिटर लावू? ज्याला ते हवंय त्याने घ्यावी, फक्त त्याला बचत म्हणू नये.

माझी मीच चालवलेली 18,400 किमी झाली, म्हणजे 467 लिटर वसूल, बाकी 2,433. आणि खरा घोळ हा की ताई महिन्याला 1,800 किमी चालवतात तीही सगळी शहरात, त्यांच्याकडे हीच गाडी सव्वातीन वर्षांत मोकळी झाली असती, पण त्यांनी महाग म्हणून घेतली नाही आणि बरंच हायवेला चालवणारी मी ती घेऊन बसले. दोन महिने संपल्यावर किल्ली परत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "कायमचीच बदलू या का, वरचा फरक मी देते." नवरा नको म्हणतोय. मी अजून विचार करतेय.