वेळासचा कासव महोत्सव: पिल्ले दिसण्याची हमी नाही, तरीही जावे असे ठिकाण

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास येथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होणाऱ्या कासव महोत्सवाला निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: अंड्यांतून नुकतीच बाहेर आलेली कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येथे येतात, पण पैसे राहण्याजेवणाचे द्यायचे असतात, पिल्लांच्या दर्शनाचे नव्हे. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि नेमका दिवस वाळू किती तापते यावर ठरतो. त्यामुळे शनिवार-रविवार गाठून आलेल्या पाहुण्याला काहीही न पाहता परतावे लागले, तर तो कोणाचा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही.

किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवण्याची जागा आहे. रात्री मादी अंडी घालून समुद्रात परतली की कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारे कार्यकर्ते, वाळूवरचा तिचा माग काढत घरटे शोधतात. त्यातली शंभर-सव्वाशे अंडी हॅचरीत मूळ घरट्याएवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात आणि जवळच्या पाटीवर तारीख व संख्या लिहिली जाते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून अंडी वाचवायची असतील तर एवढा खटाटोप करावाच लागतो. पिल्ले बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी सगळ्या टोपल्यांखाली नुसती वाळू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका टोपलीखाली करड्या-काळ्या पिल्लांचा ढीग होता. एकमेकांच्या पाठीवर चढत, डोळ्यांवरची वाळूही न झटकता त्यांचे वल्ह्यांसारखे पाय चालू होते. त्यांना पाण्यात न सोडता पाण्यापासून काही अंतरावर ठेवतात, कारण ही चाल त्यांची त्यांनीच चालायची असते. जन्माच्या किनाऱ्याची ओळख याच वेळी पटते आणि मोठी झालेली मादी पुढे त्याच भागात अंडी घालायला येते, असे मानले जाते. एका पिल्लाला लाटेने उलटे करून पुन्हा वाळूवर आणून टाकले, तेव्हा पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीमागची निम्मी मंडळी हळहळली. कासवमित्र मात्र शांतपणे पाहत राहिले, आणि पुढच्या लाटेने त्याला सरळ करून नेलेही.

माझ्या दृष्टीने या उपक्रमाचे खरे मोल त्याच्या अर्थकारणात आहे. पूर्वी कोकणच्या किनाऱ्यांवर कासवाची अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी सर्रास उकरली जात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत हे कासव आहे खरे, परंतु कायदा काही रात्रभर किनाऱ्यावर राखण करत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केले, गावकरी आणि वनखाते त्यात उतरले, आणि पुढे पाहुण्यांना गावातल्याच घरांत उतरवण्याची पद्धत रुळली. अंड्यांपेक्षा पिल्लांतून गावाला अधिक मिळते हे एकदा दिसले की राखणीसाठी वेगळे प्रबोधन फारसे करावे लागत नाही. येथे रिसॉर्ट नाही, याची तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा.

आम्ही उतरलो ते घर साधे होते: सारवलेले अंगण, खोलीत गाद्या आणि सगळ्यांना मिळून एक न्हाणीघर, त्यामुळे सकाळी रांग. जेवण शाकाहारी होते आणि त्यातली कुळथाची पिठी व सोलकढी मी मुद्दाम मागून घेतली. मोबाइलची रेंज अधूनमधूनच मिळते.

नाराजी नोंदवायची तर ती पाहुण्यांविषयी. सूचना देऊनही फ्लॅश मारणारे आणि मुलाला खांद्यावर घेऊन दोरीच्या आत घुसणारे लोक असतातच. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात, त्यामुळे संधिप्रकाशात चमकलेला मोबाइल त्यांना समुद्राऐवजी माणसांकडे वळवू शकतो. शिवाय बरेचजण फोटो मिळताच पाठ फिरवतात आणि कासवमित्रांना काही विचारतच नाहीत, हे त्याहून वाईट. विचारण्यासारखे पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, घरट्याचे तापमान साधारण २९-३० अंशांच्या वर गेले की माद्या जास्त निपजतात, त्यामुळे किनारा तापत गेला तर नर कुठून येणार, हा प्रश्न वाळू थंड ठेवणाऱ्या हॅचरीतल्या सावलीशी थेट जोडलेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. त्याहून नवलाची बाब २०२५ ची: ओडिशात २०२१ साली टॅग (क्रमांकाची ओळखपट्टी) लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असा जो समज होता, त्याला या एका टॅगने धक्का दिला. वेळासच्या वाळूत बसून हे ऐकण्यात जी मजा आहे, ती फोटोत येत नाही.

लहान मुलांना जरूर न्यावे, मात्र पहाटे उठवण्याची तयारी ठेवूनच. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवार निवडावा, दोन सकाळी हाती राहतील असा मुक्काम ठेवावा आणि निघण्यापूर्वी यजमानांना फोन करून कोणत्या घरट्याची मुदत भरत आली आहे ते विचारावे. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडला ते वेशवी फेरीबोट धरली तर सावित्रीच्या खाडीला वळसा घालावा लागत नाही. फक्त शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी.