लोअर केलेल्या स्विफ्टचं अलाइनमेंट, सातपूर एमआयडीसीतल्या दुकानाचा अनुभव

माझी २०१५ ची स्विफ्ट आहे, दिवाळीनंतर लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग) टाकल्या, गाडी साधारण ३५ एमएम खाली बसली आणि दिसायला एकदम भारी झाली, पण पाच हजार किमी पण झाले नसतील तोवर पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले. उभ्या गाडीत कळतच नाही, स्टेअरिंग पूर्ण फिरवून चाक बाहेर वळवून बघितलं तर बाहेरची कड नवीकोरी आणि आतली कड वेअर इंडिकेटरला (टायर संपल्याची खूण) टेकलेली. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखं टोचत होतं. आणि हे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून झालेलं बरं का! स्प्रिंग टाकल्या त्याच दिवशी घराजवळच्या एका दुकानात केलं होतं, पंधरा मिनिटात स्क्रीनवर हिरवं दाखवलं आणि सोडून दिलं, टायरची हवा पण चेक केली नव्हती, प्रिंट मागितली तर म्हणे कागद संपला.

मग ऑफिसातल्या एकाने नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतलं हे दुकान सांगितलं. पत्र्याची शेड, एकच रॅम्प, बोर्ड पण नीट दिसत नाही, आयटीआय सिग्नलवरून आत वळलात की कोणालाही विचारा. गाडी खाली असल्यामुळे बंपर रॅम्पला घासणार हे दुकानातल्या मेकॅनिक दादांनी लांबूनच ओळखलं आणि मी सांगायच्या आत पोरगा लाकडी फळ्या घेऊन आला, तिथेच मला बरं वाटलं.

मशीन लावायच्या आधीच दादांनी विचारलं, "स्प्रिंग टाकल्यावर लोअर आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून टाइट केले होते का?" मला काय माहीत! मग त्यांनी खाली नेऊन दाखवलं, लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा आणि त्याच्या सांध्यातलं रबर म्हणजे बुश. चाक हवेत लटकत असताना बोल्ट कसले की बुशचं रबर त्याच पोझिशनला पकडलं जातं, गाडी खाली टेकली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यांनी बोल्ट ढिले केले, गाडी दाबून दाबून बसवली आणि वजन चाकांवर असतानाच परत कसले. त्यानंतर चारही टायरची हवा, मग चाकांवर टार्गेट (मशीनचा कॅमेरा बघतो त्या पाट्या) लावले, गाडी मागे पुढे ढकलून रीडिंग घेतलं.

रीडिंग असं आलं: टो (वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय) दोन्ही चाकांना पाव पाव डिग्री बाहेर, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय, उणे म्हणजे वरची बाजू आत) डावीकडे उणे १.१ आणि उजवीकडे उणे १.८. गाडी डावीकडे का ओढत होती तेही कळलं, दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये फरक असला की जिकडे उणे कमी तिकडे गाडी ओढते. मला वाटायचं की टायर कॅम्बरनेच खाल्ले, दादा म्हणाले "कॅम्बर हळू खातो भाऊ, टायर संपवतो तो टो." घरी येऊन हिशोब केला, पाव डिग्री म्हणजे दर किलोमीटरला चाक जवळजवळ साडेचार मीटर आडवं घासत चाललंय, रोज नाशिकरोड ते अंबड जाऊन येऊन किती झालं बघा. गाडी खाली बसली की लोअर आर्म आणि टाय रॉडचे (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) कोन सारखे बदलत नाहीत, म्हणून टो आपोआप हलतो, हे लोअर करणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यायला पाहिजे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

उजव्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बरचा एकत्र भाग) कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येतो असा बोल्ट) टाकून दोन्ही बाजू उणे १.१ च्या आसपास आणल्या, आणि मगच टोला हात लावला, कारण कॅम्बर हलवला की टो परत बदलतो. स्टेअरिंग सरळ लॉक करून टाय रॉडचे लॉक नट सोडले, टो जवळपास शून्यावर आणला. मागच्या चाकांचं विचारलं तर स्पष्ट म्हणाले की स्विफ्टला मागे सरळ बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, तिथे फिरवायला काही नाही, रीडिंग चांगलंय, उगाच पैसे घालू नका. आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट न मागता हातात दिली.

अलाइनमेंटचे ९०० घेतले, बोल्टचे वेगळे. वेळ मात्र अडीच तास गेला आणि बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, शेडमध्ये दुपारी जाम गरम होतं, त्यामुळे सकाळी लवकर जा. नवीन स्प्रिंग अजून थोड्या बसतात म्हणून ५०० किमीनंतर परत बोलावलं होतं, गेलो, टो किंचित सरकला होता तो फुकटात नीट करून दिला.

टायर दोन नवीनच घ्यावे लागले, तो खर्च वाचला नाही. पण परवा घोटीपर्यंत जाऊन आलो, हायवेला स्टेअरिंग हलकं धरलं तरी गाडी लाइन सोडत नाही, आणि घरी आल्या आल्या चाक वळवून टायरवर हात फिरवला, दोन्हीकडून सारखाच लागला.